सावेदादांचा कॅमेरा आणि हरवलेल्या फिती

१८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली. बार्शी इंग्रजी अमलाखालची आणि धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग हा सारा मुलूख निजामाचा. पण इकडचा माल बार्शीच्या पेठेत उतरे, त्यामुळे आगगाडी आपल्या वेशीपर्यंत आली असेच या भागातील माणसाला वाटले असणार. त्या चिमुकल्या गाडीची इंजिने इंग्लंडमधील लीड्स शहरातील किटसन यांच्या कारखान्यात घडली होती. लीड्सपासून दहाएक मैलांवर ब्रॅडफर्ड हे दुसरे कारखानदारीचे शहर आहे. तेथे रायली ब्रदर्स या नावाची जादूचे कंदील बनविणारी प्रसिद्ध पेढी होती. जवळजवळ त्याच सुमारास मुंबईतील एका मराठी छायाचित्रकाराने या रायली कंपनीचा चलच्चित्रे घेण्याचा कॅमेरा विलायतेहून मागविला. इंजिनाचा धूर साऱ्या पंचक्रोशीला दिसला. तो कॅमेरा आला, याची वार्ता मात्र फारशी कोणाला लागली नाही. आज बार्शीच्या त्या गाडीच्या आठवणी सांगणारी माणसे आपल्या जिल्ह्यात घरोघर भेटतात. त्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र मात्र एकही शिल्लक नाही. असे का झाले, हा प्रश्न केवळ चित्रपटाच्या हौशी अभ्यासकांचा नाही. तो आपल्या सर्वांचा आहे.

हा कॅमेरा मागविणारे गृहस्थ म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबईकर त्यांना सावेदादा या नावाने ओळखत. त्यांचा जन्म १८६८ सालचा. मुंबईत त्यांचा स्वतःचा फोटो स्टुडिओ होता. आज फोटो काढणे म्हणजे क्षणाचे काम. त्या काळी तो रसायनशास्त्राचा, सुतारकामाचा आणि संयमाचा संयुक्त उद्योग होता. गिऱ्हाइकाला उजेडात बसवावे, मान हलू नये म्हणून मागून आधार द्यावा, काचेवर प्रतिमा घ्यावी, अंधाऱ्या खोलीत ती धुवावी आणि मग उन्हात कागदावर उतरवावी, असा हा क्रम असे. मुंबईची दमट हवा आणि उन्हाळ्यातील कोमट पाणी यांमुळे काचेवरील सरसाचा थर मऊ पडून सारी मेहनत वाया जाण्याची धास्ती कायमची होती. अशा धंद्यात मुरलेला माणूस नव्या यंत्राकडे पाहतो तेव्हा त्याला केवळ नवल वाटत नाही. ते चालते कसे, हे त्याला समजून घ्यावेसे वाटते.

या विद्येची पाळेमुळे मुंबईत बरीच आधी रुजली होती. फ्रान्समध्ये दागेर यांची छायाचित्रणाची रीत १८३९ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या कॅमेऱ्यांची जाहिरात कलकत्त्याच्या वृत्तपत्रात झळकली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. गोऱ्या अंमलदारांच्या या मंडळात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही होते. नारायण दाजींचा तर त्या काळातील उत्तम छायाचित्रकारांत समावेश होत असे. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे हाच व्यवसाय पत्करला. म्हणजे हौस होती, बुद्धी होती, शिकण्याची सोयही काही प्रमाणात झाली होती. नव्हते ते एवढेच, की भिंग, काच, कागद, रसायने यांतील जवळजवळ प्रत्येक वस्तू बोटीने यावी लागे. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर हा प्रवास महिन्यांचा आठवड्यांवर आला. परावलंबन मात्र संपले नाही. फक्त त्याचा वेग वाढला.

१८९६ च्या ७ जुलै रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया होते. पॅरिसमध्ये या यंत्राचा जाहीर खेळ होऊन तेव्हा जेमतेम सहा महिने लोटले होते. स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, समुद्रात डुंबणारी माणसे अशी मिनिटा-मिनिटाची ती चित्रे होती. पुढे हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात हलले आणि चार आण्यांच्या तिकिटामुळे सामान्य माणसालाही ते पाहता येऊ लागले. सावेदादांनी हे खेळ पाहिले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा उद्भव झाला आणि मुंबई ओस पडू लागली. ज्या काळात माणसे शहर सोडून पळत होती, दुकाने बंद पडत होती, त्या काळात एका छायाचित्रकाराने परदेशी यंत्रासाठी पदरचे पैसे घालण्याचे ठरविले, ही गोष्ट सहज नजरेआड करण्यासारखी नाही.

त्या यंत्राची किंमत २१ गिनी होती. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. तेव्हा ही रक्कम २२ पौंड १ शिलिंग भरते. त्या काळी एका पौंडाला पंधरा रुपयांच्या आसपास मोजावे लागत, या हिशेबाने कॅमेऱ्याचे मूळ मोलच सव्वातीनशे रुपयांहून अधिक झाले. बोटीचे भाडे, विमा आणि १८९४ पासून आयात मालावर सर्वसाधारणपणे बसणारी ५ टक्के जकात वेगळीच. प्राथमिक शाळेतील शिक्षक महिन्याला दहा-पंधरा रुपयांत संसार करीत होते, त्या काळची ही रक्कम आहे. शिक्षकाच्या दोन वर्षांच्या पगाराएवढा पैसा त्या पेटीत गुंतला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शिवाय माल पारखून घेण्याची सोय नाही. विलायतेची डाक आठवड्यातून एकदा सुटे. पत्र जाऊन त्याचे उत्तर येईपर्यंत महिना सहज उलटे. यंत्राचा एखादा दात मोडला, एखादा स्क्रू हरवला, तर तो पुन्हा तिकडूनच यावयाचा. मागणी नोंदविणाऱ्याला पैशाइतकाच धीरही पुरवावा लागे.

कॅमेरा आल्यावर १८९९ च्या नोव्हेंबरात सावेदादांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती योजिली. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी हे दोन मल्ल एकमेकांना भिडले आणि सावेदादा कॅमेऱ्याची मूठ फिरवीत राहिले. भारतीय माणसाने घेतलेले हे पहिले चलच्चित्र मानले जाते. अशा कॅमेऱ्याची मूठ एका सारख्या गतीने फिरवावी लागते. ३५ मिलिमीटरच्या एक फूट फितीवर सोळा चित्रे मावतात आणि सेकंदाला साधारण सोळा चित्रे घेतली जात. याचा अर्थ असा, की पन्नास-साठ फुटांची फीत मिनिटाभरात संपे. त्या मिनिटात मूठ फिरविणाऱ्याचा हात घाईला आला, तर पडद्यावरील मल्ल संथ होणार. हात मंदावला, तर ते वाऱ्यासारखे धावणार. सारा डाव मनगटावर.

खरी परीक्षा मात्र त्यापुढे होती. ही फीत धुण्यासाठी इंग्लंडला पाठवावी लागली. काचेवरील फोटो स्वतःच्या अंधाऱ्या खोलीत धुणाऱ्या कसबी कारागिराला आपण काय टिपले, हे पाहण्यासाठी सातासमुद्रापलीकडच्या कारागिरावर विसंबून राहावे लागले. उजेड कमी पडला की जास्त झाला, मल्ल चौकटीत राहिले की बाहेर गेले, याचे उत्तर दोन बोटींच्या फेऱ्यांनंतर मिळणार होते. चूक कळेपर्यंत ती सुधारण्याची संधी निघून गेलेली असणार. यंत्र विकत मिळाले होते. त्या यंत्राची संपूर्ण विद्या अजून मिळावयाची होती. त्या काळच्या आपल्या साऱ्या उद्योगांची हीच अवस्था होती. कापूस आपला, सूत तिकडचे; डोळा आपला, फीत तिकडची.

तरीही या माणसाने आपला डोळा उसना घेतला नाही, हे त्यांचे मोठेपण. ल्युमिएर यांनी आगगाडी दाखविली म्हणून सावेदादा बोरीबंदरावर गाडी टिपावयास गेले नाहीत. त्यांनी पहिल्यांदा निवडली ती कुस्ती. ती इथल्या मातीतली आणि कोणाही मराठी प्रेक्षकाला एका दृष्टिक्षेपात समजणारी होती. त्यानंतर त्यांनी माकडांना खेळ शिकविणाऱ्या एका माणसाचे चित्र घेतले. मल्ल आणि मदारी! ज्यांच्याकडे तैलचित्र काढून घेण्याइतका पैसा नव्हता आणि ज्यांची छबी दिवाणखान्यात कोणी टांगली नसती, अशी ही माणसे त्या महागड्या फितीवर उमटली.

पुढे १९०१ च्या डिसेंबरात रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे विलायतेहून परतले. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते सीनियर रँग्लर झाले होते आणि हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होते. कोकणातील मुर्डी या खेड्यातून निघालेल्या या तरुणाचे मुंबईत उत्साहाने स्वागत झाले आणि सावेदादांनी ते कॅमेऱ्याने टिपले. भारतीयाने घेतलेला हा पहिला वार्तापट म्हणून इतिहासात नोंदला गेला आहे. परक्या यंत्रावर आपल्या माणसाच्या बुद्धीचा गौरव टिपला जावा, यातील औचित्य त्या गर्दीतील कित्येकांना जाणवले असेल. सर मंचरजी भावनगरी यांच्या आगमनाचेही चित्र त्यांनी घेतले, आणि १९०३ च्या जानेवारीत लॉर्ड कर्झन यांनी भरविलेल्या दिल्ली दरबाराचेही. आपली चित्रे आणि परदेशाहून मागविलेली चित्रे ते एकत्र दाखवीत. अशा खेळांत लोकांनी दूरदेशीच्या दृश्यांबरोबर आपल्या मुलखातील ओळखीची माणसेही पडद्यावर पाहिली.

येथे आपल्या मराठवाड्याशी संबंधित एका दुसऱ्या छायाचित्रकाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. लाला दीनदयाळ हे मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे, रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेले. १८८५ च्या सुमारास ते सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. निजामाने त्यांना राजा हा किताब दिला. सिकंदराबादेत त्यांचा मोठा स्टुडिओ होता आणि १८९६ साली, म्हणजे सावेदादांनी सिनेमा पाहिला त्याच वर्षी, त्यांनी मुंबईतही स्टुडिओ थाटला. त्यांच्याकडेही भिंगे आणि काचा विलायतेहूनच येत; परंतु त्यामागे दरबाराचे पाठबळ होते. महाल, शिकारी, व्हाइसरॉयांच्या स्वाऱ्या, किल्ले आणि देवळे यांची त्यांनी घेतलेली चित्रे अप्रतिम आहेत. त्यांच्या २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये विकत घेऊन जतन केल्या. म्हणून निजामाच्या राज्यातील वैभव आज आपल्याला पाहता येते.

दीनदयाळांच्या कर्तृत्वात उणे काढण्याचा येथे हेतू नाही. मुद्दा वेगळा आहे. ज्या चित्रांमागे सत्ता उभी होती, ती राहिली. जी एका नागरिकाने स्वतःच्या पैशाने आणि हौसेने घेतली, ती गेली. आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. धाराशिवच्या लेण्यांची मोजमापे आणि आराखडे जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामातील सर्वेक्षणात तयार केले. त्यांचा अहवाल १८७८ मध्ये लंडनला छापला गेला आणि आजही तो अभ्यासकाला उपलब्ध आहे. लेण्यांतील दगडाची नोंद झाली, हे उत्तमच झाले. पण त्याच काळात त्या लेण्यांच्या पायथ्याशी गुरे चारणाऱ्याचा, तुळजापूरच्या घाटातून आईच्या दर्शनाला चालत जाणाऱ्या यात्रेकरूचा, तेरच्या आठवडी बाजारात बसलेल्या विणकराचा चेहरा कसा होता, हे आपल्याला कोण दाखविणार? ज्या डोळ्याने मल्ल आणि मदारी टिपले, तसा डोळा येथे आला असता तर हे चेहरे आज आपल्याला भेटले असते.

सावेदादांनी १९०३ नंतर चित्रे घेण्याचे काम थांबविले. पुढे मुंबईतील गेइटी नाट्यगृहाची व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि चित्रपट दाखविण्याच्या धंद्यात त्यांनी चांगला पैसा मिळविला. यावरून त्यांना केवळ चतुर व्यापारी ठरविणे सोपे आहे. कित्येक लेखक तसे सुचवितातही. भारतीय चित्रपटाचे जनकत्व दादासाहेब फाळके यांच्याकडे जाते आणि ते योग्यही आहे. कारण फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन केवळ कॅमेरा आणला नाही. फीत घेणे, धुणे, छापणे, जोडणे ही सारी विद्या त्यांनी आत्मसात केली आणि १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र हा चित्रपट मुंबईत पूर्ण करून दाखविला. परंतु पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका हरिश्चंद्राने यंत्र आणून ते चालविले नसते, येथील माणूस पडद्यावर शोभतो हे सिद्ध केले नसते, तर फाळक्यांची वाट अधिक अंधारी झाली असती. विहीर खणणाऱ्याचे श्रेय ज्याला पाणी लागले त्याला मिळते. त्याआधी चार हात माती उपसणाऱ्याने काहीच केले नाही, असे मात्र कोणी म्हणू नये.

सावेदादा दीर्घायुषी होते. १९५८ साली नव्वदीच्या उंबरठ्यावर त्यांचे निधन झाले. मूकपटाचा उदय आणि अस्त त्यांनी पाहिला, १९३१ मध्ये बोलपट आला तोही पाहिला, मराठी चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळालेलेही त्यांच्या हयातीत घडले. ज्या उद्योगाची पहिली मूठ त्यांनी फिरविली, त्याचा एवढा विस्तार त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. पण त्यांच्या स्वतःच्या फिती? त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती भडकन पेट घेते आणि नीट सांभाळली नाही, तर चिकट होऊन तिची भुकटी होते. सावेदादांचे एकही चित्र आज पाहावयास मिळत नाही. कलकत्त्यात त्याच काळात चित्रे घेणारे हिरालाल सेन यांच्या फिती १९१७ च्या आगीत जळाल्या. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाचाही काही भागच वाचला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, सावेदादांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. ज्यांनी सारे आरंभी पाहिले त्यांना विचारावयास, त्यांच्या ट्रंका उघडावयास आपल्याजवळ अर्धशतकाचा अवधी होता. त्या अवधीत आपण ते केले नाही.

या हानीचा दोष विलायतेला देता येत नाही. कॅमेरा परका होता, फीत परकी होती, ती धुणारे हात परके होते, हे सगळे खरे. पण धुऊन परत आलेली फीत आपली होती आणि ती सांभाळण्याचे काम आपले होते. यंत्र मागविण्याची धडाडी एका माणसाला पुरते. त्या यंत्राने दिलेले जपावयाचे, तर सगळ्या समाजाची शिस्त लागते. ती शिस्त आपल्यात अजूनही बेताचीच आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

म्हणून या जुन्या गोष्टीचा विचार धाराशिव जिल्ह्यातील शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी करावा, असे वाटते. आपल्या जुन्या शाळांच्या कपाटांत वर्गांची समूहचित्रे धूळ खात पडलेली असतात. वाड्यांच्या माळ्यावर, बंद पडलेल्या स्टुडिओंच्या खोक्यांत काचेच्या निगेटिव्ह असतात आणि घर पाडताना त्या रद्दीबरोबर जातात. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे दिवस, १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडणारी माणसे, १९९३ च्या भूकंपापूर्वीची सास्तूर आणि लोहाऱ्याकडची गावे यांची किती छायाचित्रे अजून घराघरांत असतील! त्यांच्या मागे ना नाव, ना साल, ना गाव. ज्यांना ते चेहरे ओळखता येतात अशी वडीलधारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्यासमोर ती चित्रे ठेवून मागे शिसपेन्सिलीने हलकेच नावे लिहून घेणे, प्रत्येक चित्राची एक प्रत शाळेत किंवा वाचनालयात ठेवणे, याला बोट लागत नाही, जकात लागत नाही आणि २१ गिनीही लागत नाहीत. एका सुट्टीतील चार दुपारी पुरतात.

पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची ती कुस्ती कोणी जिंकली, हे आता पडद्यावर पाहून कोणालाच सांगता येणार नाही. दोघांचीही नावे तेवढी उरली आहेत. आपल्या जिल्ह्यातील जुन्या चित्रांतील माणसांची तर नावेही उरणार नाहीत, जर ती आज लिहून घेतली नाहीत तर.